झाडाच्या खोडाला स्टेथोस्कोप

खोडाला स्टेथोस्कोप लावून झाडाच्या ‘हृदयाचे ठोके’ किंवा वर चढणाऱ्या पाण्याचा खळखळाट ऐकवणारे व्हिडिओ अधूनमधून फिरत असतात. झाडाला जीव असतो हे सांगायला अशा पुराव्याची गरज नाही, आणि तो आवाज पाण्याचा नसतोच. खोडातून पाणी वर नेणाऱ्या बारीक नळीची, म्हणजे जलवाहिनीची, रुंदी एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी असते, आणि तिच्यातून पाणी भर दुपारीही सेकंदाला काही मिलिमीटर एवढंच सरकतं. नळीतल्या प्रवाहात भोवरे पडून खळखळ व्हायची तर रेनॉल्ड्स अंक (प्रवाह संथ की खळबळता हे सांगणारा आकडा) 2000च्या वर जावा लागतो. इथे तो 1च्या आसपास घुटमळतो. व्हिडिओत ऐकू येते ती वाऱ्याने हलणाऱ्या फांद्यांची कुरकुर आणि यंत्र धरणाऱ्या हाताची थरथर.

मग कसलाही पंप नसताना पाणी शेंड्यापर्यंत जातं कसं? शाळेत शिकलेली उत्तरं आठवून बघा. पहिलं, मूलीय दाब. मुळं क्षार आत घेतात, त्यामागोमाग परासरणाने (क्षार जास्त असतील तिकडे पाणी ओढलं जाऊन) पाणी येतं आणि वर ढकललं जातं. हे घडतं, पण हा दाब सहसा 0.1 ते 0.2 मेगापास्कल असतो (0.1 मेगापास्कल म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा). तेवढ्याने पाणी दहा-वीस मीटर चढेल, तेही रात्री, जेव्हा पानं पाणी उडवत नसतात. सकाळी गवताच्या पात्यांच्या टोकाला दिसणारे टपोरे थेंब बऱ्याचदा दव नसून मूलीय दाबाने बाहेर ढकललेलं पाणी असतं. भर उन्हात, जेव्हा पाण्याची गरज सर्वांत जास्त असते, तेव्हा हा दाब जवळपास नाहीसा होतो.

दुसरं उत्तर केशाकर्षणाचं, म्हणजे बारीक नळीत पाणी आपोआप वर चढण्याचं, आणि ते सर्वांत लोकप्रिय आहे. त्याचा हिशेब सोपा आहे. 0.1 मिलिमीटर व्यासाच्या नळीत पाणी केशाकर्षणाने जेमतेम 30 सेंटिमीटर चढतं. नळी निम्मी बारीक केली तर 60 सेंटिमीटर. कॅलिफोर्नियातले सर्वांत उंच रेडवुड वृक्ष 115 मीटरच्या घरात आहेत. मग केशाकर्षण मोडीत काढायचं का? तर तेही नाही. ते चालतं, फक्त आपण ज्या जागी शोधतो तिथे नाही. ते चालतं पानात.

पानाच्या आतल्या पेशींच्या भिंती सेल्युलोजच्या धाग्यांनी विणलेल्या असतात. त्या धाग्यांमधल्या फटी नॅनोमीटरमध्ये (मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागात) मोजाव्या लागतात, आणि त्या पाण्याने भरलेल्या असतात. पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची सूक्ष्म छिद्रं, उघडली की फटींच्या तोंडाशी असलेल्या पाण्याची वाफ होते. पाणी थोडं आत सरकतं आणि त्याचा पृष्ठभाग खोलगट होतो. फट जितकी अरुंद तितका हा बाक जास्त, आणि बाक जितका जास्त तितकी त्यामागच्या पाण्यावरची ओढ मोठी. 10 नॅनोमीटरची फट सुमारे 29 मेगापास्कलची ओढ पेलू शकते, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळपास 290 पट! झाडाला प्रत्यक्षात याचा छोटासा हिस्साच लागतो.

ही ओढ खालपर्यंत पोहोचते ती पाण्याच्या रेणूंनी एकमेकांना धरून ठेवल्यामुळे, म्हणजे संसंजनामुळे. दोरीचं वरचं टोक ओढलं की खालचं टोक वर येतं, तसा पानापासून मूलकेशापर्यंत पाण्याचा सलग धागा ओढला जातो. डब्लिनमध्ये हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी 1894 मध्ये हे मांडलं. या कामाला लागणारी ऊर्जा सूर्य पुरवतो, झाडाला पदरचं काही घालावं लागत नाही. जलवाहिनीच्या पेशी तर कामाला लागण्याआधीच मरून पोकळ झालेल्या असतात.

त्याच सुमारास जर्मनीत एडुआर्ड श्ट्रासबुर्गर यांनी वीस मीटरहून उंच ओकचं झाड बुंध्याशी कापून पिक्रिक आम्लात उभं केलं होतं. आम्ल वाटेतल्या जिवंत पेशी मारत वर चढलं, आणि त्यामागून दिलेला रंगही चढला, म्हणजे पाणी चढायला जिवंत पेशी लागत नाहीत. जगदीशचंद्र बोस यांनी 1920च्या दशकात जिवंत पेशींच्या स्पंदनांनी रस वर चढतो असं मांडलं. त्यांची उपकरणं अफाट संवेदनशील होती, पण हा निष्कर्ष टिकला नाही. ‘झाडाचे ठोके’ विकणारे आज त्यांचं नाव पुढे करतात, हा त्यांच्यावरचा अन्यायच म्हणायचा.

आता यातला खरा अवघड भाग. पाणी 10 मीटर उचलायला सुमारे 0.1 मेगापास्कल लागतं, म्हणजे अख्ख्या वातावरणाचा दाब. म्हणूनच वरून शोषून घेणारा पंप 10 मीटरच्या पुढे हात टेकतो. रेडवुडच्या शेंड्याला नुसत्या उंचीपोटी 1.1 मेगापास्कलची ओढ हवी, घर्षणाचं वेगळं. तिथल्या पाण्याचा दाब शून्याच्याही खाली, उणे असतो. वायूचा दाब उणे होऊ शकत नाही; द्रव मात्र ताणला जाऊ शकतो. प्रयोगशाळेत शुद्ध पाण्याने 20 मेगापास्कलहून जास्त ताण सोसलेला आहे. अट एकच, त्यात बुडबुडा नको. बुडबुडा शिरला की पाण्याचा धागा तटकन तुटतो आणि ती वाहिनी हवेने भरून निकामी होते. या तुटण्याचा आवाज मात्र खरा आहे. त्याचा बराचसा भाग श्राव्यातीत, म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू न येणारा, असल्याने तो संवेदक लावून टिपतात. कानाला लावायच्या नळीचं ते काम नव्हे.

बुडबुड्याला आवर घालतात त्या शेजारच्या वाहिन्यांमधल्या सच्छिद्र पडद्या. पाणी त्यातून जातं, हवा छिद्राच्या तोंडाशी अडते. 100 नॅनोमीटरचं छिद्र हवेला सुमारे 2.9 मेगापास्कलपर्यंत थोपवतं. दुष्काळात ताण त्यापुढे गेला की हवा एका वाहिनीतून दुसरीत घुसत जाते, आणि झाड नुसतं कोमेजत नाही तर वाळतं. रुंद वाहिनीचा मोह इथेच महागात पडतो: व्यास दुप्पट केला तर पाणी सोळापट वाहतं, पण रुंद वाहिन्या बहुधा आधी निकामी होतात.

हा ताण मोजता येतो. पेर शोलँडर यांनी 1965 मध्ये रूढ केलेल्या पद्धतीत पान देठासकट कापून दाबपेटीत ठेवतात, देठाचं कापलेलं टोक तेवढं बाहेर. कापताक्षणी ताणलेलं पाणी आत आखडलेलं असतं. पेटीत नायट्रोजनचा दाब हळूहळू वाढवत टोकाकडे भिंगातून बघायचं. काप ओला झाला तो दाब म्हणजेच आधीचा ताण. चुका ठरलेल्या असतात. कापण्याआधी पानाला प्लॅस्टिकची पिशवी घातली नाही तर ते सुकत जातं आणि आकडा फुगतो. दाब घाईने वाढवला तर खरा क्षण हुकतो. फसफसणारे बुडबुडे म्हणजे पाणी आलं असं धरलं तरी वाचन चुकतं.

फुलदाणीतली फुलं लवकर मान टाकतात तीही याच कारणाने. देठ कापताच हवा आत ओढली जाते, म्हणून देठाचे शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर पाण्याखाली धरून पुन्हा कापावेत. वाहिन्या लांब असल्या तर एवढ्याने भागत नाही, आणि पाणी शिळं झालं की जिवाणू उरलेल्या वाहिन्या बुजवतात.

क्षार याच पाण्याबरोबर वर जातात, पण मुळात त्यांची झडती होते. मुळाच्या आतल्या थरातल्या पेशींभोवती कॅस्परी पट्टा असतो, त्यामुळे पेशींच्या भिंतींमधून चोरवाट उरत नाही. नायट्रेट, पोटॅशियम वगैरेंना पेशीपटलावरच्या वाहक प्रथिनांमधूनच आत यावं लागतं, आणि यावर झाड ऊर्जा खर्च करतं.

साखरेचा मामला अगदी उलटा. साखर वाहून नेणाऱ्या रसवाहिनीच्या पेशी जिवंत असतात आणि त्यातला दाब धन असतो. पानात सुक्रोज भरलं जातं, त्यामागे जलवाहिनीतून पाणी येतं, दाब वाढतो. मुळात, फळात किंवा कोंबात साखर काढून घेतली जाते, पाणीही निघून जातं, दाब उतरतो. या फरकावर रस तासाला सुमारे अर्धा ते एक मीटर सरकतो. एर्न्स्ट म्युन्श यांची 1930ची ही कल्पना आजही मूळ रूपात मान्य आहे.

दोन्ही वाटा वेगळ्या असल्याचा फायदा गुटी कलमात, म्हणजे फांदी झाडावरच असताना तिला मुळं फुटवताना, घेतात. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीवरून अडीच-तीन सेंटिमीटर रुंदीची साल गोल काढायची. रसवाहिन्या सालीत असल्याने वरून येणारी साखर आणि ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक कापाच्या वरच्या कडेशी साचतात आणि तिथेच मुळं फुटतात. लाकडातल्या जलवाहिन्या शाबूत राहिल्याने वरची पानं हिरवी राहतात. सालीखालचा बुळबुळीत थर नीट खरवडला नाही तर साल पुन्हा जुळते आणि मुळं येतच नाहीत. सुरी लाकडात खोल गेली तर फांदी वाळते. भिजवून पिळलेलं मॉस गुंडाळून वर प्लॅस्टिक बांधायचं, दोन्ही टोकं घट्ट, कारण मॉस सुकलं की कोवळी मुळं मरतात. मुळं दिसली की खालून कापायचं, आणि निम्मी पानं त्याच दिवशी काढायची. नव्या मुळांना एवढ्या पानांची ओढ पेलत नाही.