बादलीवरच्या फुलाची पूर्वपीठिका

पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन ही दोन प्लास्टिकं शाईला अजिबात दाद देत नाहीत. बादल्या, डबे, शांपूच्या बाटल्या, रंगाचे ड्रम हे बहुतेक सगळं त्यांचंच. त्यांचे रेणू ध्रुवीय नसल्यामुळे पृष्ठभागाला कशाचंच आकर्षण नसतं. साधी शाई त्यावर नीट पसरत नाही आणि वाळली तरी नखाने पापुद्र्यासारखी निघून येते. तरीही न्हाणीघरातल्या बादलीवरचं गुलाबाचं फूल साबण, गरम पाणी, घासणी सगळं सोसत राहतं. हे फूल आधी एका पातळ फिल्मवर छापतात आणि मग उष्णता व दाब देऊन बादलीवर उतरवतात. कारखान्यात याला हीट ट्रान्सफर म्हणतात.

एकीकडे छापायचं आणि दुसरीकडे उतरवायचं, ही युक्ती प्लास्टिकच्या कितीतरी आधीची. 1756 च्या उन्हाळ्यात लिव्हरपूलच्या जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन यांनी प्रतिज्ञापत्र केलं, की आपण सहा तासांत 1200 हून अधिक मातीच्या टाइल छापल्या. शंभर कुशल चितारी तेवढ्या वेळात एवढं काम करू शकले नसते, अशी साक्षही त्यासोबत जोडली होती. पुढे जोसाया वेजवुडसारखा नामांकित उत्पादक आपली भांडी छापून घ्यायला लिव्हरपूलला धाडू लागला. कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून निघालेली नक्षी भांड्यावर दाबायची आणि भट्टीत भाजायची, म्हणजे रंग चकाकीच्या थरात वितळून पक्का बसतो. टिकाऊपणाचं काम भट्टी करत होती. प्लास्टिकला ती सोय नाही. भट्टीत घातलं तर चित्रासकट भांडंच जाईल.

दुसरा धागा बुकबाइंडरांचा. पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर सोन्याची अक्षरं उमटवायची तर आधी अंड्याच्या पांढऱ्याचा हात द्यायचा, वर सोन्याचा वर्ख ठेवायचा आणि तापवलेला पितळी ठसा दाबायचा. काम नाजूक, वर्ख फुंकरीने उडणारा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्लिनचे बुकबाइंडर अर्न्स्ट ओझर यांनी सोन्याचा थर आधीच वाहक पट्टीवर बसवून ठेवण्याची रीत काढली. ठसा तापला की सोनं पट्टी सोडतं आणि पुठ्ठ्याला धरतं. माझ्या मते बादलीवरच्या फुलाचा खरा पूर्वज हाच. वाहक, सुटणारा थर, चित्र आणि गरम झाल्यावर चिकटणारा थर, ही उतरंड आजच्या फिल्ममध्ये जशीच्या तशी आहे.

प्लास्टिकवर छापण्याची गरज दुसऱ्या महायुद्धानंतर निर्माण झाली. युद्धात रडारच्या केबलला लागणारं पॉलिथिलीन बाजारात मोकळं झालं आणि 1947 मध्ये अमेरिकेत स्टॉपेट नावाचं डिओडरंट दाबून फवारायच्या मऊ बाटलीत आलं. बाटल्यांचा सुकाळ झाला, पण त्यावर नाव लिहायचं कसं? कागदी लेबल पाण्याने सुटतं आणि बाटली दाबली की सुरकुततं. उत्तर पृष्ठभागातच होतं. बाटलीवरून झटकन ज्योत फिरवली की वरच्या थराला ऑक्सिजन चिकटतो आणि त्यावर शाई धरते. डेन्मार्कच्या वेर्नर आइस्बी यांनी 1951 च्या सुमारास हेच काम विजेच्या ठिणग्यांनी केलं. ती कोरोना ट्रीटमेंट. कारागीर मात्र आजही सरसकट ‘फ्लेमिंग’च म्हणतात.

याच काळात अमेरिकेतल्या डेनिसन कंपनीची थेरिमेज ही पद्धत पुढे आली. कागदी रिळावर मेणाचा थर, त्यावर उलटं छापलेलं चित्र. उष्णता लागली की मेण वितळतं आणि चित्र बाटलीवर जातं. खोड एकच: चित्राभोवती मेणाची धुरकट कडा राहायची. ती घालवण्यासाठी बाटली पुन्हा ज्योतीसमोरून न्यावी लागे.

इटलीत जूलिओ नात्ता यांनी 1954 मध्ये पॉलिप्रॉपिलीन घडवलं, 1957 मध्ये फेरारात त्याचं उत्पादन सुरू झालं. भारतात 1968 च्या आसपास ठाणे-बेलापूर पट्ट्यात दाट पॉलिथिलीन तयार होऊ लागलं आणि पितळी घंगाळं, पत्र्याच्या बादल्या हळूहळू माळ्यावर गेल्या. दरम्यान कागदी रिळाची जागा पॉलिएस्टर फिल्मने घेतली होती. तिच्यावर छपाईचा क्रम उलटा असतो: आधी संरक्षक वॉर्निश, मग रंग, शेवटी चिकट थर. बादली जिगवर, म्हणजे तिला धरून फिरवणाऱ्या साधनावर चढते, सुमारे 200 अंशांवरचा सिलिकॉन रबराचा रोलर प्रत्येक जागी क्षणभरच टेकत फिल्म तिच्यावर दाबत फिरतो, एक गिरकी पुरी झाली की फिल्म कोरी होऊन पुढे सरकते आणि सर्वांत आधी छापलेलं वॉर्निश सर्वांत वर येतं. चिकट थरात त्या-त्या प्लास्टिकच्या जातकुळीचं राळ घालतात. म्हणून एबीएस या कडक प्लास्टिकची फिल्म पॉलिप्रॉपिलीनला चालत नाही.

मेलामाइनच्या ताटांची तऱ्हा वेगळी. छापील कागद मेलामाइनच्या राळेत भिजवून वाळवतात, ताट साच्यात अर्धवट पिकलं की साचा उघडून तो आत ठेवतात आणि पुन्हा दाबतात. कागद ताटाचाच भाग होतो. पॉलिएस्टरसाठी तिसरी वाट 1957 मध्ये फ्रान्सचे नोएल द प्लास यांनी दाखवली. काही रंग तापले की न वितळता थेट वायू होतात आणि पॉलिएस्टरच्या आत शिरून बसतात. ‘फोटो मग’ म्हणून जे विकतात त्यावर यासाठी पॉलिएस्टर जातीचा लेप असतो. पॉलिप्रॉपिलीनच्या बादलीला ही वाट बंदच: असे रंग तिच्यात ठरत नाहीत आणि 165 अंशांच्या आसपास बादली स्वतःच वितळू लागते.

छापलेला माल तपासायची रीत मात्र साधी आहे. ब्लेडने चौकटी पाडायच्या, चिकटपट्टी घट्ट लावायची आणि हिसक्याने ओढायची. पट्टीला रंग आला की बहुतेक वेळा फिल्मच्या नावाने खडे फोडले जातात. अनुभवी माणूस आधी मोल्डिंगवाल्याला विचारतो, साच्यातून माल सुटावा म्हणून सिलिकॉनचा स्प्रे मारलास का? तो मारला असेल, तर कितीही उंची फिल्म आणली तरी फूल धरायचं नाही.