दुसऱ्याच्या एटीएम पाथमधून आपली लेबलं

बीएसएनएलचं जुनं टेलिफोन लाइनवालं ब्रॉडबँड ज्यांनी वापरलंय त्यांना मॉडेमच्या सेटिंगमधले व्हीपीआय ० आणि व्हीसीआय ३५ हे दोन आकडे आठवत असतील, टाकले की नेट चालू, का टाकायचे ते कोणी सांगायचं नाही. हे आकडे एटीएमचे, म्हणजे असिंक्रोनस ट्रान्सफर मोडचे (पैसे काढायचं मशीन वेगळं). यात सगळा डेटा ५३ बाइटच्या सेलमध्ये कापून पाठवतात, त्यातले ५ बाइट हेडर आणि ४८ बाइट माल. ४८ का, तर अमेरिकेतल्या लोकांना ६४ हवे होते आणि युरोपवाल्यांना ३२, मग मधला आकडा धरला.

हेडरमध्ये पत्त्याचे दोन भाग असतात, व्हीपीआय म्हणजे व्हर्च्युअल पाथचा नंबर आणि व्हीसीआय म्हणजे त्या पाथच्या आतल्या चॅनलचा. टपालाच्या सीलबंद थैलीसारखं आहे हे, मधल्या ऑफिसात थैलीवरची चिठ्ठी बघून थैली पुढे ढकलतात, आतली पत्रं कोणी बघत नाही. तसंच मधला स्विच फक्त व्हीपीआय बघतो.

१९९६ च्या सुमाराला राउटर (आयपी पत्ता बघून पॅकेट, म्हणजे डेटाचा गठ्ठा, पुढे पाठवणारं यंत्र) हळू आणि एटीएम स्विच फास्ट अशी परिस्थिती होती, म्हणून इप्सिलॉन, तोशिबा, सिस्को या कंपन्या सगळ्याच या दोघांचं लग्न लावायच्या मागे लागल्या. सिस्कोच्या टॅग स्विचिंगमधून पुढे एमपीएलएस, म्हणजे मल्टिप्रोटोकॉल लेबल स्विचिंग आलं, त्याचे मूळ स्टँडर्ड २००१ मध्ये निघाले. कल्पना सोपी आहे, दर राउटरवर आयपी पत्ता शोधत बसण्यापेक्षा सुरुवातीलाच पॅकेटला लेबल लावा आणि पुढे नुसती लेबलं बदलत न्या. एटीएम स्विच आधीपासून हेच करत होता, म्हणून व्हीपीआय-व्हीसीआय हेच लेबल म्हणून वापरायचं ठरलं.

आता खरी गंमत. दोन्ही टोकांचे राउटर तुमचे, पण मधलं एटीएम नेटवर्क टेलिकॉम कंपनीचं, आणि तिच्या स्विचना एमपीएलएसचा गंधही नाही. कंपनी तुम्हाला एक पाथ विकते, समजा व्हीपीआय ५. हा ५ कंपनीचा, त्याला तुम्ही हात लावू शकत नाही, आणि दुसऱ्या टोकाला तो ९ पण असू शकतो. म्हणजे लेबलासाठी उरला फक्त व्हीसीआय, १६ बिट. त्यातले ० ते ३२ लेबलासाठी वापरायचे नाहीत, राहिले ६५,५०३. मधे कंपनी नसती आणि थेट लिंक असती तर व्हीपीआयचे ८ धरून २४ बिट मिळाले असते, म्हणजे दीड कोटीच्या वर! तरी ६५ हजार भरपूर वाटतात, पण इथे एक अडचण आहे. दोन ठिकाणांहून आलेली पॅकेटं एकाच व्हीसीआयवर टाकली तर त्यांचे सेल एकमेकांत मिसळतात आणि कुठला सेल कोणाचा ते पलीकडे कळत नाही, त्यामुळे ज्या स्विचला पॅकेट पूर्ण जमवून मग सोडता येत नाही तिथे प्रत्येक येणाऱ्यासाठी वेगळं लेबल लागतं आणि मोठ्या नेटवर्कमध्ये लेबलं भराभर संपतात.

कॉन्फिगरेशन मात्र दोन-चार ओळींचं. सिस्कोच्या राउटरवर एटीएम पोर्टखाली एमपीएलएस प्रकारचा सबइंटरफेस (त्याच पोर्टचा एक वेगळा कप्पा) करायचा, त्यात व्हीपी टनेल ५ असं सांगायचं आणि एमपीएलएस चालू करायचं. कुठलं लेबल कशासाठी ही बोलणी दोन राउटरमध्ये एलडीपी (लेबल डिस्ट्रिब्युशन प्रोटोकॉल) करतो, थेट लिंकवर त्याचा ठरलेला चॅनल ०/३२, म्हणजे व्हीपीआय ० आणि व्हीसीआय ३२, पण पाथमधून गेलात की तो ५/३२ व्हायला पाहिजे. हे जुळलं नाही तर इंटरफेस अप दिसतो, अलार्म नाही, आणि एलडीपीचा शेजारी, म्हणजे पलीकडच्या टोकाचा राउटर, काही येत नाही.

शेजारी आला की पुढचा घोळ स्पीडचा. कंपनी पाथवर विकलेल्या रेटच्या वर आलेले सेल फेकून देऊ शकते, म्हणून शेपिंग, म्हणजे सेल ठरलेल्या वेगानेच सोडणं, आपल्याच टोकाला आणि पूर्ण पाथला मिळून लावा, एकेका चॅनलला नाही. १५०० बाइटच्या पॅकेटचे ३२ सेल होतात आणि त्यातला एक जरी पडला तरी बाकीचे ३१ पोचून उपयोग शून्य, अख्खं पॅकेट बाद. थोडेसेच सेल पडतायत म्हणून दुर्लक्ष केलं की नेट रांगायला लागतं.

आणि ट्रेसराउट (वाटेतली यंत्रं एकेक करून दाखवणारी कमांड) मारून दोषी शोधायला जाऊ नका. ती टीटीएलवर चालते, म्हणजे पॅकेटमधल्या दर उडीला एकाने कमी होणाऱ्या आकड्यावर. सेलमध्ये टीटीएल नसतोच, टीटीएल राउटरवर कमी होतो, त्यामुळे कंपनीचे मधले सगळे स्विच मिळून एकच उडी दिसते. तक्रार करायची तर दोन्ही टोकांचे सेल काउंटर (किती सेल गेले, किती आले ते आकडे) एकाच वेळचे काढून समोर ठेवावे लागतात.