मोटारीचे ध्वनिरोधन

मोटारीत शिरणारा रस्त्याचा आवाज व कंप कमी करण्यासाठी दारे, फरशी, डिकी, चाकांवरील कमानी व छत यांच्या पत्र्याला आतून रबरी थर, फोम किंवा जड चादर बसवण्याची पद्धत. गॅरेजमध्ये हिला ‘डॅम्पिंग’ म्हणतात आणि तोच शब्द जास्त खरा आहे. ‘साउंडप्रूफ’ म्हटले की गिऱ्हाईक पूर्ण शांततेची अपेक्षा ठेवते आणि गाडी घेऊन जाताना हिरमुसते.

आवाज आत येण्याचे मार्ग दोन. टायरचा हादरा सस्पेन्शनमधून बॉडीत चढतो व पातळ पत्रा ढोलाच्या कातड्यासारखा थरथरतो. दुसरा आवाज हवेतून, काचा व फटींमधून येतो. साधारण ताशी 50 किलोमीटरच्या पुढे इंजिनापेक्षा टायरच जास्त बोलतो. त्याचा आवाज 1000 हर्ट्झच्या आसपास सर्वांत ठळक असतो. शंभरी ओलांडली की त्यात वाऱ्याची भर पडते.

नागपुरात हा विषय गप्पांत येतो तो सिमेंटच्या रस्त्यांमुळे. काँक्रीट ओले असतानाच त्यावर बारीक आडव्या रेघा ओढतात, म्हणजे टायर घसरत नाही. पण याच रेघांवर टायर गुणगुणतो. शिवाय दर साडेचार मीटरच्या सुमारास सांधा. 80 च्या वेगाने सेकंदाला जवळपास पाच सांधे चाकाखालून जातात आणि ‘धड-धड’ पायाच्या तळव्याला कळते. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला. तेथे मोटारींना 120 ची मुभा आहे, त्यामुळे शहरात कधी न जाणवलेली घूं-घूं तासन्‌तास कानात बसते.

मुख्य साहित्य म्हणजे ॲल्युमिनियमची फॉइल चढवलेली, सुमारे 2 मिलिमीटर जाडीची ब्यूटाइल रबराची शीट. पत्रा वाकू लागला की पत्रा व फॉइल यांच्यामधले चिकट रबर ताणले जाते आणि कंपाची ऊर्जा उष्णतेत जिरते. म्हणूनच इंचन्‌इंच मढवण्याची गरज नसते. पत्र्याच्या मधल्या भागावर पाव ते अर्धे क्षेत्र झाकले तरी बहुतेक काम होते. त्यावर बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा फोम लावतात. गादीचा साधा फोम दारात कधीच भरू नये: पावसाचे पाणी धरून ठेवतो, मग कुबट वास आणि गंज. हवेतून येणारा आवाज अडवायला मात्र वजनच लागते. अडथळ्याचे वजन दुप्पट केले तर तत्त्वतः फक्त 6 डेसिबल कमी होतात, आणि आवाज निम्मा वाटायला 10 डेसिबल उतरावे लागतात.

विदर्भात साहित्य निवडताना आधी ऊन पाहावे. मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जातो. उन्हात उभ्या गाडीचे छत त्याहून कितीतरी तापते. स्वस्त डांबरी शीट अशा वेळी मऊ होते, वास मारते आणि छतावरून सुटून आतल्या अस्तरावर लोंबते. कारखान्यातून फरशीवर येणारे डांबरी थर आडवे पडलेले असतात, म्हणून ते टिकतात. ब्यूटाइल जागा सोडत नाही, तरी फार तापल्यावर त्याचीही कंप जिरवण्याची ताकद उतरते. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी उलट अडचण: शीट कडक होते, हीट गन फिरवल्याशिवाय पत्र्याच्या खाचांत बसत नाही.

काम दारापासून सुरू करतात. डोअर पॅड उचकटताना एखादी क्लिप तुटतेच. अनुभवी मिस्त्री चार जादा जवळ ठेवतो. आतला प्लास्टिकचा पडदा काढून पत्रा पुसतात, कारण धूळ किंवा तेल राहिले तर शीट महिन्याभरात सुटते. मग लहान रोलरने फॉइलवरची नक्षी सपाट होईपर्यंत दाबतात. दाराच्या तळाची निचऱ्याची भोके, काचेची यंत्रणा आणि एअरबॅगच्या तारा मोकळ्या ठेवाव्या लागतात. काम जमले की नाही हे बोटाच्या पेराने कळते: आधी रिकाम्या डब्यासारखा ‘टण्ण’ वाजणारा पत्रा आता ‘ठप्प’ म्हणतो.

खर्च करण्यापूर्वी टायरमधली हवा, झिजलेली नक्षी आणि दारांचे कडक झालेले बीडिंग (कडेची रबरी पट्टी) तपासावे. अनेकदा दोष तिथेच निघतो, आणि नवे बीडिंग डॅम्पिंगच्या तुलनेत फारच स्वस्त पडते. काम झाल्यावरची एक गंमतही ठरलेली आहे. रस्त्याचा आवाज दबल्यावर डॅशबोर्डची कुरकुर आणि सीटबेल्टच्या बक्कलाची टकटक पहिल्यांदाच ऐकू येते, आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन पुन्हा मिस्त्रीच्या दारात उभे राहते.