दरज भरायची, तर चुन्याला हवा हवी

ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला, तेव्हा पोर्टलँड सिमेंटचा जन्मही झाला नव्हता. त्या काळच्या घडीव दगडी भिंती चुन्यावर उभ्या आहेत, आणि आज त्यांच्या दरजांत, म्हणजे दगडांमधल्या फटींत, सर्रास सिमेंट कोंबलं जातं. आपला काळा दगड पाणी जवळजवळ पीत नाही. भिंतीत मुरलेलं पावसाचं पाणी बाहेर पडतं ते दरजेतूनच. ती सिमेंटने बुजवली की ओल आत अडकते, आणि काही पावसाळ्यांत सिमेंटची अख्खी पट्टी सुटून हातात येते.

चुना हवा खाऊन घट्ट होतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड छिद्रांतल्या पातळ ओलाव्यात विरघळतो, चुन्याशी संयोग पावतो आणि पुन्हा चुनखडी तयार होते. चुना खडखडीत वाळला तर ही क्रिया थांबते. छिद्रं पाण्याने भरली तर हवेला वाट उरत नाही. म्हणून ठाण्यात जून ते सप्टेंबर या कामाला हात लावू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

समजा, दरज ५ मिलिमीटर रुंद आहे. जुना भुसभुशीत माल २० मिलिमीटर खोल काढा. पातळ छिन्नी किंवा करवतीचं पातं वापरा. ग्राइंडर नकोच, दगडाची कड एकदा उडाली की परत येत नाही. ब्रशने धूळ काढून दरजेत पाणी मारा. दगड ओलसर हवा, पण त्यावर पाणी चकाकत असेल तर थांबा. त्या थरावरून चुना घसरतो.

माल: पाण्याखाली मुरवलेला चुन्याचा लगदा १ भाग, धुतलेली टोकदार वाळू २ ते अडीच भाग. वाळूचा कण दरजेच्या एक तृतीयांशाहून मोठा नको, म्हणून दीड मिलिमीटरची चाळणी. भिंत कायम ओली राहत असेल तर थोड्या वाळूऐवजी सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची पूड घाला, तिच्यामुळे चुना ओलीतही धरतो. उघड्या पडलेल्या गोणीतला चुना घेऊ नका. आपल्या दमट हवेत त्याचा केव्हाच खडू झालेला असतो. पाणी कमीत कमी, मुठीत गोळा व्हावा आणि तळवा ओला होऊ नये. ३० बाय ६० सेंटिमीटरच्या दगडांच्या भिंतीला चौरस मीटरमागे जेमतेम अर्धा लिटर माल लागतो, त्यामुळे एका वेळी थोडाच कालवा. हातमोजे आणि चष्मा मात्र विसरू नका, ओला चुना डोळ्यांत गेला तर फार वाईट.

दगडाच्या दोन्ही कडांना चिकटपट्टी लावा. काळ्या दगडावर चुन्याचा पांढरा डाग लपत नाही. वाळल्यावर तो काढायला अॅसिड लागतं, आणि अॅसिड दरजही खातं. दरजेहून अरुंद पट्टीने माल दोन थरांत आत दाबा. वरवर थापलात तर मागे पोकळी राहते. कड झिजलेली असेल तर माल थोडा आत ठेवा. दगडावर पसरलेली पातळ कड सर्वांत आधी तुटते.

अंगठा दाबून ठसा जेमतेम उमटेल, तेव्हा ताठ केसांच्या ब्रशने टोचून वाळूचे कण उघडे करा. थापीने गुळगुळीत केलंत तर चुना वर येऊन साय धरते, ती तडकते, आणि आत हवाही जात नाही. मग गोणपाट ओलं करून आठवडाभर तरी सावली द्या. उन्हात भाजलेली दरज बोटाने पुसली तरी पांढरी भुकटी देते.

आत चुना पिकला का, हे पाहायला त्याच मालाच्या नमुन्याचा तुकडा मोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलिन या रंग बदलणाऱ्या रसायनाचा थेंब टाका. गुलाबी झालेला भाग अजून कच्चा आहे.