सगळे कामात, काम मात्र जागेवर

२००० सालच्या आसपास ज्यांनी सायबर कॅफेत किंवा ऑफिसात कॉम्प्युटर वापरला, त्यांच्या कानात तो आवाज अजून असेल. ३२ किंवा ६४ एमबी रॅमचं मशीन. वर्डची एक फाइल उघडी, एक्सेलची एक, शेजारी ब्राउझर. चौथं काही उघडायला गेलं की डबा करकरायला लागायचा. पुढचा लुकलुकणारा दिवा लुकलुकणं सोडून सलग पेटून राहायचा. माउस हलवला तर बाण दोन-तीन सेकंदांनी उडी मारून भलतीकडेच उगवायचा. आवाज ऐकून वाटावं, आत काय घनघोर काम चाललंय! आणि टाइप केलेलं एक अक्षर स्क्रीनवर येत नसे.

संगणकशास्त्रात या अवस्थेला थ्रॅशिंग म्हणतात. ती कशी येते हे बघण्यासारखं आहे. प्रोसेसर थेट काम करतो ते मुख्य मेमरीतल्या, म्हणजे रॅममधल्या, माहितीवर. ही मेमरी जलद, पण महाग, म्हणून बेताचीच. बाकीचा पसारा डिस्कवर, आणि डिस्क त्या मानाने हजारो पटींनी मंद. १९६२ साली मँचेस्टर विद्यापीठात सुरू झालेल्या ॲटलस या कॉम्प्युटरने यावर एक नामी सोय काढली. त्याची मुख्य मेमरी सुमारे १६ हजार 'शब्दांची' (शब्द म्हणजे माहितीचा एक ठरावीक मापाचा तुकडा) होती आणि फिरता चुंबकीय ड्रम ९६ हजारांचा. माहितीची छोटी पानं पाडायची, लागेल ते पान ड्रमवरून आपोआप वर आणायचं, जागा नसेल तर सध्या न लागणारं एखादं परत खाली धाडायचं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला वाटावं, आपल्याकडे मेमरीच मेमरी आहे.

स्वयंपाकघरातला अरुंद ओटा आणि वरचा माळा डोळ्यापुढे आणा. एका पदार्थाचं सामान ओट्यावर मावतंय तोवर झकास. पण पुरणपोळी, कटाची आमटी आणि भजी एकदम काढली, तर पोळपाट मांडायला परात माळ्यावर टाकावी लागते, परात लागली की पुरणयंत्र वर जातं, आणि ते वर गेलं न गेलं तोच पुरण वाटायची वेळ येते. घाम फुटेपर्यंत शिडीची चढउतार, आणि गॅसवर काहीच नाही.

१९६८ साली पीटर डेनिंग या तरुण अमेरिकन संशोधकाने थ्रॅशिंगची कारणं नीट मांडली, आणि त्यातली एक गोष्ट ऑफिसात काम केलेल्या कुणालाही हसवेल. प्रत्येक प्रोग्रॅम आपलं पान येण्याची वाट बघत खोळंबला की प्रोसेसरला करायला काही उरत नाही. कामं वाटून देणारी यंत्रणा बघते: अरे, प्रोसेसर रिकामा बसलाय! मग ती काय करते? आणखी एक प्रोग्रॅम आत घेते. त्या नव्या पाहुण्याला पानं हवीत, ती जुन्यांकडून हिसकावली जातात, जुने आणखी खोळंबतात, प्रोसेसर आणखी रिकामा दिसतो. की पुन्हा एक प्रोग्रॅम आत. या क्षणी ड्रम किंवा डिस्क शंभर टक्के कामात असते आणि बाहेर पडणारं काम जवळपास शून्य.

डेनिंगचा उपाय साधा होता, पण तेव्हाच्या व्यवस्थापकांना पचायला जड. प्रत्येक प्रोग्रॅमला दर टप्प्यावर ठरावीक पानं सतत हाताशी लागतात. तेवढी सगळी मावत असतील तरच त्याला आत घ्यायचं, नाहीतर दाराबाहेर थांबवायचं. म्हणजे मशीन जास्त कामाचं करायचं तर त्याला काम कमी द्यायचं.

मेंदू म्हणजे कॉम्प्युटर नव्हे, आणि ही तुलना ताणली तर तुटते. तरी अदलाबदलीचा खर्च मेंदूलाही पडतो, हे कॉम्प्युटर जन्मण्याआधीच मोजलं गेलं होतं. १९२७ साली आर्थर जर्सिल्ड या मानसशास्त्रज्ञाने लोकांना आकड्यांच्या याद्या दिल्या. एका यादीत सगळीकडे एकच क्रिया करायची, दुसरीत एकाआड एक बेरीज आणि वजाबाकी. आकडे तितकेच, गणितं तितकीच सोपी, तरी एकाआड एकला वेळ जास्त लागला. १९९५ साली रॉबर्ट रॉजर्स आणि स्टीफन मॉन्सेल यांनी हे आणखी कसून तपासलं. पुढची क्रिया कोणती हे आधीच माहीत असलं, तयारीला पुरेसा वेळ दिला, तरी हा खर्च पुरता जात नाही. एका अदलाबदलीचा खर्च सेकंदाच्या अंशात मोजण्याइतकाच. पण प्रयोगातली कामं होती पोरखेळाची. ऑडिटची फाइल बाजूला सारून फोन घ्यायचा आणि परत त्याच आकड्याशी येऊन बसायचं, याचा हिशोब वेगळा. शिवाय सोफी लेरॉय यांनी २००९ साली दाखवलं तसं, अर्धवट सोडलेलं काम डोक्यातून लगेच निघत नाही. पुढच्या कामाच्या वाट्याचं थोडं लक्ष ते खातच राहतं.

मग माणसं इतकी कामं अंगावर घेतात तरी का? निम्मा दोष साहेबाचा म्हणू. उरलेल्या निम्म्याबद्दल शिकागो विद्यापीठातल्या क्रिस्टोफर शी यांचा २०१० सालचा प्रयोग बघा. विद्यार्थ्यांनी एक प्रश्नावली भरली, दुसरी मिळायला पंधराएक मिनिटं होती. भरलेला कागद जवळच देऊन बसून राहता येत होतं, किंवा लांब चालत जाऊन देऊन परत येता येत होतं. दोन्हीकडे चॉकलेट मिळणार. चॉकलेट एकाच प्रकारचं असताना लांब गेले ते सुमारे एक तृतीयांश. पण इथे एका प्रकारचं, तिथे दुसऱ्या प्रकारचं, एवढा फरक केल्यावर निम्म्याहून जास्त जण चालत निघाले. दोन्ही चॉकलेटं सारखीच आवडीची होती! जायला निमित्त मिळालं, एवढंच. आणि जाऊन आलेले बसून राहिलेल्यांपेक्षा खुशीत होते. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो हे आपण ऐकत आलोय. लावून झाल्यावर त्याला बरं वाटतं, ही मात्र नवी माहिती.

याच शींनी मेंग झू आणि यांग यांग यांच्यासह २०१८ साली आणखी एक खोड पकडली. दोन सारख्याच कष्टाची कामं, एकाला मोबदला कमी. कमी मोबदल्याच्या कामाला नुसती जवळची मुदत चिकटवली की ते निवडणारे वाढतात. मुदतीला काही अर्थ नसतो, दोन्ही कामं आरामात वेळेत होण्यासारखी असतात. या सापळ्यात जास्त कोण अडकतं? 'मी नेहमीच फार बिझी असतो' असं स्वतःबद्दल सांगणारे. म्हणजे ज्यांच्याकडे फालतू कामाला वेळ सगळ्यात कमी, तेच ते आधी उचलतात. निवडीच्या क्षणी मोबदला ठसठशीत समोर ठेवला, तेव्हा ही ओढ कमी झाली.

हे झालं एका डोक्यापुरतं. कार्यालय, दवाखाना, कारखाना अशा ठिकाणी मात्र मानसशास्त्रापेक्षा गणित जास्त बोलतं, आणि मला विचाराल तर खरी मेख तिथे आहे. आग्नर क्रारूप एर्लांग हा डॅनिश गणितज्ञ १९०८ साली कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत लागला. कंपनीपुढचा प्रश्न पैशाचा होता: लाइनी किती ठेवायच्या? जास्त ठेवल्या तर त्या रिकाम्या पडून राहणार, कमी ठेवल्या तर ग्राहक ताटकळणार. एर्लांगने १९०९ साली यावर पहिला निबंध छापला आणि रांगांचं गणित जन्माला आलं. टेलिफोनची वर्दळ आजही 'एर्लांग' या एककात मोजतात.

हे गणित कसं चालतं ते जूनमधल्या सेतू केंद्रावर बघू. ॲडमिशनचे दिवस, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पालक उभे. खिडकी एकच, एका माणसाला सरासरी ६ मिनिटं लागतात, म्हणजे तासाला जास्तीत जास्त १० माणसं. माणसं मनाला येईल तेव्हा येतात, आणि कामही सारखं नसतं. एकाचे कागद तयार, दुसऱ्याला रेशनकार्डाची झेरॉक्स काढायला पाठवावं लागतं. तासाला ५ माणसं येत असतील तर कर्मचारी निम्मा वेळ मोकळा आणि नंबर लागायला सरासरी ६ मिनिटं. ८ येत असतील तर २४ मिनिटं. ९ आली की ५४. साडेनऊची सरासरी झाली, म्हणजे कर्मचारी ९५ टक्के वेळ कामात, की ११४ मिनिटं, जवळपास दोन तास! ८ वरून साडेनऊवर जाताना खिडकीतून निघालेलं काम वाढलं एकोणीसेक टक्के, आणि खोळंबा झाला पावणेपाचपट. शंभर टक्क्यांवर नेलंत तर रांग वाढतच जाते, तिला शेवटच नाही.

असं का व्हावं? कारण रिकामा वेळ साठवता येत नाही. सकाळी पावणेअकराला कुणी नव्हतं म्हणून वाया गेलेली सहा मिनिटं साडेबाराच्या झुंबडीत खर्चायला मिळत नाहीत. सगळे घड्याळ लावून बरोबर सहा-सहा मिनिटांनी आले असते आणि प्रत्येकाचं काम नेमकं सहा मिनिटांत उरकलं असतं, तर शंभर टक्के कामात राहूनही कुणी ताटकळलं नसतं. अनिश्चितता जितकी जास्त तितकी मोकळी जागा जास्त लागते. जॉन किंगमन या ब्रिटिश गणितज्ञाने १९६१ साली याचं सुटसुटीत सूत्र दिलं. त्यामुळे 'स्टाफ रिकामा दिसतोय' ही तक्रार ऐकली की मी आधी विचारतो, येणारं काम घड्याळाबरहुकूम येतं का? बहुतेक ठिकाणी येत नाही.

अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या स्प्रिंगफिल्ड शहरात सेंट जॉन्स नावाचं रुग्णालय होतं. ऑपरेशन थिएटर ३२, सगळी कायम भरलेली. अपघाताचा पेशंट आला की आधीची ठरलेली शस्त्रक्रिया ढकलावी लागे, ती दुसरीला ढकले, आणि डॉक्टर-नर्स रात्री उशिरापर्यंत उभे. रुग्णालयाने सल्लागार बोलावला. त्याने सुचवलं, एक थिएटर रिकामं ठेवा, तिथे आधी ठरवलेलं काहीच घ्यायचं नाही. सर्जन मंडळी वैतागली असतील तर नवल नाही: आधीच जागा नाही, त्यात एक काढून घेता? पण आकस्मिक केसेस तिकडे गेल्यावर बाकीच्या थिएटरांचं वेळापत्रक मोडेनासं झालं. एकूण शस्त्रक्रिया पाचेक टक्क्यांनी वाढल्या, दुपारनंतर रेंगाळणाऱ्या खूपच घटल्या. अपघात कधी होणार हे सांगता येत नाही, पण रोज काही ना काही येणार हे सांगता येतं. ही 'अचानक' कामं तेवढी अचानक नव्हतीच.

रांगांच्या गणितातला सगळ्यात उपयोगी नियम मात्र जॉन लिटल यांचा, तोही १९६१ सालचाच. हातात असलेली कामं भागिले रोज पुरी होणारी कामं, म्हणजे एका कामाला सरासरी लागणारे दिवस. टेबलावर २० फायली उघड्या आणि रोज २ निघतात, तर एका फायलीला १० दिवस. रोजचा वेग तोच ठेवून एका वेळी ६ च उघडल्या, तर एक फाइल ३ दिवसांत बाहेर. उरलेल्या १४ कपाटात थांबतील हे खरं. पण उघडलेली प्रत्येक फाइल फोन मागते, स्मरणपत्र मागते, 'माझं कुठवर आलं?' याला उत्तर मागते. कपाटातली काही मागत नाही. टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी कारखान्यात हेच अंमलात आणलं. पुढच्या टप्प्याकडून कार्ड आल्याशिवाय मागच्याने माल काढायचा नाही, मग मशीन थांबलं तरी चालेल. गरजेपेक्षा जास्त उत्पादन हीच त्यांच्या लेखी सगळ्यात वाईट उधळपट्टी. पिंपरी-चिंचवड, चाकणच्या शॉप फ्लोअरवर काम केलेल्यांना ही कार्डांची पद्धत, म्हणजे 'कानबान', माहीत असतं. त्याच कंपन्यांच्या वरच्या मजल्यावरच्या ऑफिसांत ते जिना चढून पोचलेलं मला फारसं दिसलेलं नाही.

आणि ज्या मुंगीचा दाखला शाळेपासून दिला जातो, ती? ॲरिझोना विद्यापीठात डॅनियल शारबोनो आणि ॲना डॉर्नहाउस यांनी टेम्नोथोरॅक्स जातीच्या इवल्या मुंग्यांवर रंगाचे ठिपके लावून त्यांचं चित्रण केलं. साधारण ४० टक्के कामकरी मुंग्या बहुतांश वेळ काहीच करत नव्हत्या. मग २०१७ साली छापलेल्या प्रयोगात त्यांनी सगळ्यात कष्टाळू २० टक्के मुंग्या वारुळातून काढल्या. आठवड्याभरात त्यांची जागा भरली गेली, आणि भरणाऱ्या मुख्यतः त्या निवांत बसलेल्यांतल्याच होत्या. उलट सगळ्यात आळशी २० टक्के काढल्या, तर त्यांच्या जागी कुणी आळशी होऊन बसलं नाही.

जॉर्जिया टेकमध्ये डॅनियल गोल्डमन यांच्या गटाने २०१८ साली बोगदा खणणाऱ्या फायर अँट मुंग्या पाहिल्या. जेमतेम ३० टक्के मुंग्या ७० टक्के काम उरकत होत्या. बोगदा अरुंद, दोघी-तिघी कशाबशा मावतील इतका. आत गर्दी दिसली की नवी मुंगी मातीचा कणही न उचलता सरळ मागे फिरायची. त्यांनी मग खणणारे छोटे रोबो बनवले. सगळ्यांना सारखंच झटून काम करायला लावलं तेव्हा रोबो बोगद्याच्या तोंडाशीच एकमेकांत अडकून बसले. काहींना आळशी केलं आणि गर्दी दिसल्यास मागे वळायला शिकवलं, तेव्हा कोंडी सुटली आणि बाहेर पडणारा माल वाढला.