पाएया : मासळीभातामागचं भाताचं शेत

पाएया म्हटलं की डोळ्यांसमोर येतो पिवळा भात, त्यावर मांडलेली कोळंबी आणि तोंड उघडलेले शिंपले. घरी करायला घेतला की पैसाही आधी त्या कोळंबीवरच जातो. पण पाएयाचा जन्म शेताच्या बांधावरचा आहे, आणि घरी तो कुठे फसतो हे तो बांध पाहिल्याशिवाय नीट कळत नाही.

पाएया हे मुळात भांड्याचं नाव. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरच्या वालेन्सिया प्रांतातल्या भाषेत हा शब्द लॅटिन 'पटेला'वरून आला. पटेला म्हणजे उथळ ताटली. गुडघ्याच्या वाटीला डॉक्टर आजही हेच नाव देतात. पुलाव आणि पाएया हे शब्द कानाला जवळचे वाटतात, पण त्यांचं नातं नाही. तांदूळ मात्र खरोखरच पूर्वेकडून आला. आठव्या शतकात अरब आणि बर्बर लोक स्पेनमध्ये उतरले आणि त्यांच्या राजवटीत तिथे भातशेती रुजली. तिथली भाषाच याची साक्ष देते. तांदळाला स्पॅनिशमध्ये 'आर्रोस' म्हणतात, तो अरबी 'अर-रुझ्झ'. केशराला ते 'आसाफ्रान' म्हणतात आणि उर्दूत जाफरान. दोन्हींचं मूळ एकच अरबी शब्द. शेताला पाणी देणारा पाट म्हणजे 'आसेकिया', तोही अरबीच. त्या पाटांच्या पाण्याचे तंटे सोडवणारी शेतकऱ्यांची पंचायत आजही दर गुरुवारी दुपारी बाराला वालेन्सियाच्या कॅथीड्रलच्या दाराशी बसते. सगळा कारभार तोंडी. युनेस्कोने 2009 मध्ये तिला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

1238 मध्ये आरागॉन या ख्रिस्ती राज्याचा राजा पहिला जाउमे याने वालेन्सिया जिंकलं. राज्य बदललं, भात राहिला. साचलेल्या पाण्यामुळे तापाच्या साथी यायच्या, म्हणून पुढच्या राजांनी भातलागवडीवर अनेकदा बंदी घातली. तरी शहराच्या दक्षिणेला अल्बुफेरा सरोवराभोवतीच्या दलदलीत भात टिकला. तिथली शेतं आजही वालेन्सियाला तांदूळ पुरवतात.

दुपारचं जेवण या शेतातच शिजायचं. सरपण म्हणजे संत्र्याच्या आणि द्राक्षवेलीच्या छाटलेल्या काड्या. त्यांचा जाळ पसरट, जोरकस आणि लवकर विझणारा. अशा जाळावर खोल हंडा काय कामाचा? म्हणून भांडं रुंद आणि उथळ, तांदळाचा थर जेमतेम बोटाच्या जाडीचा. कोंबडी, ससा, कधी बदक, कधी गोगलगायी, चपट्या हिरव्या शेंगा, 'गार्रोफो' नावाचा मोठा पांढरा वाल, केशर. टोमॅटो आणि मिरचीची तांबडी पूड अमेरिका खंडातून स्पेनमध्ये आली, म्हणजे 1492 नंतरच. सगळे भांड्याभोवती बसून लाकडी चमच्याने आपापल्या बाजूचा भात खायचे. वालेन्सियाची माणसं अस्सल पाएया म्हणतात तो हा. त्यात कोळंबी नसते.

मासळीचा भात किनाऱ्यावर आला तो कोळ्यांच्या जेवणातून, आणि मला या कहाणीतला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. चांगली मासळी बाजारात जायची. उरायचे ते छोटे, काटेरी, खडकात राहणारे मासे. ते उकळून दाट रस्सा काढायचा, त्यात तांदूळ शिजवायचा आणि मासे वेगळे वाढायचे. या भाताचं नावच 'आर्रोस आ बांदा', म्हणजे 'बाजूला ठेवून केलेला भात'. सगळी चव भातात, वर सजावट काहीच नाही. वालेन्सियाच्या दक्षिणेला, आलिकान्ते शहराच्या बाजूला त्यात 'न्योरा' ही गोल, गोडसर सुकी मिरचीही पडते. 1960 च्या दशकात स्पेनच्या किनाऱ्यावर पर्यटकांची रीघ लागली. हॉटेलांनी कोंबडी आणि कोळंबी एकाच भांड्यात घातली, केशराच्या जागी पिवळा रंग आला आणि तेच चित्र जगभर पोचलं.

म्हणून घरी करताना मोठ्या कोळंबीवर पैसे घालण्याआधी रश्श्याकडे बघा. कोळंबीची डोकी आणि सालं ऑलिव्ह तेलात लाल होईपर्यंत परतायची, माशाचं डोकं आणि काटे टाकून अर्धा तास मंद उकळायचं आणि गाळून घ्यायचं. मग पसरट भांड्यात लसूण आणि किसलेला टोमॅटो पाणी आटून गडद होईपर्यंत परतायचा, तांबडी पूड घालायची, तांदूळ आणि लगेच कढत रस्सा. तांदूळ आखूड, जाड दाण्याचा हवा; वालेन्सियात 'बोंबा' वापरतात, तो आपल्या आकारमानाच्या अडीच-तीन पट रस्सा पितो. बासमती इथे उपयोगाचा नाही, तो इतकी चव पीत नाही. रस्सा घातल्यावर भात ढवळायचा नाही, झाकायचाही नाही. माकूल आधी परतून घ्यायचं, कोळंबी आणि शिंपले शेवटच्या काही मिनिटांत. साधारण अठरा मिनिटांनी रस्सा आटतो आणि तळाशी बारीक चरचर ऐकू येते. तेव्हा मिनिटभर आच वाढवायची. तळाला जी तांबूस खरवड धरते तिला तिथे 'सोकार्रात' म्हणतात, आणि भांड्याभोवती बसलेले सगळे चमच्याने आधी तीच खरवडतात.