आरएनए उकलणारी विकरे : नाव आधी, पुरावा नंतर

आरएनए एकपदरी असतो असे आपण शाळेत शिकतो. ते खरे आहे, पण अपुरे. हा एकटा पेड स्वतःवरच दुमडतो, ए-यू आणि जी-सी अशा जोड्या जमतात, आणि एकदा चुकीची घडी पडली की ती आपोआप सुटायला फार वेळ लागतो. पेशीला तेवढी सवड नसते. एटीपी हा पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू वापरून अशा घड्या मोडणारी विकरे म्हणजे आरएनए हेलिकेज. आज त्यांच्यावर पीएचडी करणाऱ्यापुढे जो प्रश्न असतो, तो या क्षेत्राच्या उलट्या क्रमाच्या इतिहासातून आलेला आहे.

डीएनएचे पेड सुटे करणारे विकर १९७६ साली हायडेलबर्गमध्ये हॉफमन-बर्लिंग यांच्या गटाला ई. कोलाय या जिवाणूत सापडले. तिथे आधी काम दिसले, मग नाव पडले. आरएनएच्या बाबतीत तसे झाले नाही. प्रथिननिर्मिती सुरू करून देणारे ईआयएफ-४ए हे प्रथिन एटीपीच्या मदतीने आरएनएची घडी सैल करते, एवढे १९८५ च्या सुमारास कळले होते. १९८९ मध्ये पॅट्रिक लिंडर आणि सहकाऱ्यांनी यीस्ट, फळमाशी, उंदीर आणि जिवाणू यांच्यातली प्रथिने शेजारी शेजारी मांडली. सगळ्यांत ठरावीक अमिनो आम्लांचे तेच तुकडे होते. त्यातल्या डी-ई-ए-डी या चार अमिनो आम्लांच्या अक्षरांवरून कुळाला ‘डेड-बॉक्स’ नाव मिळाले. त्यातल्या बहुतेकांना आरएनए उकलताना तोवर कुणीच पाहिले नव्हते.

पुढची कितीतरी वर्षे हा पुरावा गोळा करण्यात गेली, आणि त्यातले बरेचसे काम यीस्टमध्ये झाले. कॅलटेकमध्ये जॉन एबलसन यांच्या प्रयोगशाळेत आरएनएचे स्प्लायसिंग (नको असलेले तुकडे कापून उरलेले जोडणे) बिघडलेले यीस्ट शोधण्याच्या कामात पुढे बंगळुरूच्या आयआयएससीत गेलेल्या उषा विजयराघवन होत्या. स्प्लायसिंगला लागणाऱ्या या ‘पीआरपी’ जनुकांपैकी काहींची प्रथिने हेलिकेजसारखी निघाली. ख्रिस्टीन गथ्री यांच्या गटाने पीआरपी-१६ चे जनुक १९९० मध्ये ओळखले. त्याचे प्रथिन परीक्षानळीत खरोखर पेड सोडवते हे दाखवायला १९९८ उजाडले. मधली आठ वर्षे मला या इतिहासातली सर्वांत बोलकी वाटतात.

प्रयोग ऐकायला सोपा आहे. किरणोत्सारी फॉस्फरस-३२ लावलेला आरएनएचा आखूड पेड लांब पेडाशी जुळवायचा, विकर आणि एटीपी घालायचे, ठरावीक क्षणी एसडीएस या साबणासारख्या रसायनाने क्रिया थांबवायची आणि मिश्रण थंड खोलीत जेलवर, म्हणजे जेलीसारख्या थरातून विजेच्या जोरावर, चालवायचे. जोडी वर अडकते, सुटा पेड खाली धावतो. पण फॉस्फरस-३२ चा अर्धायुकाल जेमतेम १४ दिवसांचा, त्यामुळे नवा साठा आला की सगळे वेळापत्रक त्याच्यामागे धावते. शिवाय हातावरची, बाकावरची आरएनेज ही आरएनए तोडणारी विकरे नमुना केव्हा खाऊन टाकतील याचा नेम नसतो. म्हणून हातमोजे सारखे बदलायचे.

२००० साली एकहार्ड यांकोव्स्की आणि ॲना पाइल यांनी व्हॅक्सिनिया विषाणूचे एनपीएच-२ हे विकर आरएनएवरून एकाच दिशेने सरकत जोडी उसवत जाते हे दाखवले. डेड-बॉक्सही असेच चालत असेल असे मानणे स्वाभाविक होते. २००७ मध्ये यांकोव्स्कींच्याच गटाने दाखवले की तसे नाही : ही विकरे थेट दुपदरी भागावर बसतात आणि तिथल्या तिथे पेड वेगळे करतात. वर्षभरात आणखी एक धक्का बसला. आखूड जोडी सोडवायला एकच एटीपी पुरतो, आणि त्याचे विघटन लागते ते मुख्यतः विकराला आरएनएवरून सुटून पुन्हा कामाला लागता यावे म्हणून.

माणसात डेड-बॉक्स प्रथिने ३५ हून अधिक आहेत. त्यांतल्या डीडीएक्स-३एक्समधले बदल मुलींमधल्या बौद्धिक अक्षमतेशी आणि मेडुलोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाशी जोडलेले आहेत. परीक्षानळीत हे प्रथिन पुढ्यात येईल ती आखूड जोडी सोडवते, मग पेशीत नेमके कुठल्या आरएनएवर, कुठल्या साथीदार प्रथिनाच्या सांगण्यावरून काम करते? या विषयातल्या अनेक प्रबंधांचे पहिले प्रकरण इथून सुरू होते.